थंडीचं नंतर, आधी अंतराचं बोलू

तुमच्या प्रश्नावर आलेली बाराही उत्तरं वाचली. नवऱ्याला कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या सॅस्कटूनला नोकरी लागलीय, फेब्रुवारीत निघायचंय, सोबत सात वर्षांची मुलगी, सासूबाई नंतर येणार. आणि टोरोंटोची नणंद म्हणतेय, "तिथे काहीच नाही, वेड लागेल." तुम्ही विचारलंय की उणे चाळीसात माणूस जगतो कसा. बारापैकी अकरा उत्तरं थंडीवर आहेत, आणि त्यातली बहुतेक टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनहून आलीयत. म्हटलं, इथे राहणाऱ्या कुणीतरी लिहावं.

मी मूळची लातूरची. डिसेंबर २००३ मध्ये इथे उतरले, २००९ पासून कॅनडाची नागरिक आहे. माझी दोन्ही मुलं स्वतःला सस्कॅचेवानची म्हणवतात आणि हल्ली मीही म्हणवते. कडधान्याच्या कारखान्यात धान्य तपासायचं काम करते, त्यामुळे या उत्तरात मसूर येणार. सांभाळून घ्या.

थंडी हा पैसे टाकून सुटणारा प्रश्न आहे. चांगला कोट, चांगले बूट, गाडीला हिवाळी टायर आणि इंजिनाचा हीटर. हा हीटर तुम्ही पाहिला नसेल. इथल्या गाड्यांच्या नाकातून विजेची एक वायर लोंबत असते. रात्री ती घराबाहेरच्या प्लगला लावायची, म्हणजे इंजिन कोमट राहतं आणि सकाळी गाडी चालू होते. ऑफिसच्या पार्किंगमध्येसुद्धा खांबाखांबाला प्लग असतात. पहिल्या जानेवारीत मी वायर न काढताच गाडी मागे घेतली. फट्‌ असा आवाज आला. समोरचे आजोबा फावडं टेकवून उभे होते. रागावतील असं वाटलं, पण ते हसून म्हणाले, "प्रत्येकजण एकदा करतोच." दुपारी स्वतःच नवी वायर आणून बसवून गेले. आणि उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइटचा आकडा एकच होतो, त्यामुळे त्यावर वाद घालायची सोय नाही. अशा दिवशी आकाश मात्र लख्ख असतं. सूर्याला खळं पडतं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खोटा सूर्य उभा राहतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी लातूरला फोन लावला होता.

खरा प्रश्न अंतराचा आहे, आणि तो कुणी विचारत नाही.

सस्कॅचेवानचं क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या दुपटीहून जास्त, साडेसहा लाख चौरस किलोमीटर. २०२१ च्या जनगणनेत माणसं सव्वाअकरा लाखांच्या आसपास. २०११ साली एकट्या लातूर जिल्ह्यातच साडेचोवीस लाख होती. आता हे डोळ्यांसमोर आणा. प्रांताच्या सीमा फूटपट्टीने आखलेल्या, कुठे नदी आडवी नाही की डोंगर. दक्षिणेकडचा अर्धा भाग इतका सपाट की इथला विनोद आहे, कुत्रं पळून गेलं तर तीन दिवस दिसत राहतं. राजधानी रेजायना अडीच-पावणेतीन तासांवर, एडमंटन सव्वापाचशे किलोमीटर, कॅलगरी सहाशे. "जरा जाऊन येतो" म्हणून माणूस निघतो आणि तीनशे किलोमीटर गाडी हाकून संध्याकाळी जेवायला परत येतो. गावाकडच्या रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट वर करतो. ओळख असो वा नसो. आधी मला वाटायचं, ही सगळी एकमेकांना ओळखतात. पुढे लक्षात आलं, गाडी बंद पडली तर थांबणारा तोच असतो.

१० जानेवारी २००७ ला हे अंगावरून गेलं. दुपारी बर्फाचं वादळ सुरू झालं आणि बघता बघता कारखान्यासमोरची आमची स्वतःची गाडी दिसेना. महामार्ग बंद. आम्ही नऊजण रात्रभर कारखान्यात. एक मायक्रोवेव्ह, दोन बिस्किटांचे पुडे, आणि तपासणीसाठी आलेली मसूर. मी ती शिजवली. मिठाखेरीज घालायला काही नव्हतं. युक्रेनियन वंशाचा एक सहकारी, घरी तिघी बहिणींच्या हातचं खाणारा, दोन वाट्या गिळून म्हणाला की इतकी वर्षं हे पिकवतोय पण खाल्लं आज पहिल्यांदा. आणि ते खरंच होतं. इथला शेतकरी मसूर पिकवतो ती तुमच्या-आमच्यासाठी.

१९७० च्या आधी इथे मसूर जवळजवळ नव्हतीच. गहू घ्यायचा आणि एक वर्ष जमीन पडीक ठेवायची, अशी रीत होती. सॅस्कटूनच्या विद्यापीठात अल स्लिंकार्ड नावाच्या शास्त्रज्ञाने इथल्या छोट्या उन्हाळ्यात येणारं वाण शोधलं, १९७८ मध्ये 'लेअर्ड' आलं, आणि पडीक पडणाऱ्या रानात मसूर दिसू लागली. वर जमिनीला नत्र मिळतो ते वेगळंच. आज जगात सगळ्यात जास्त मसूर निर्यात करणारा देश कॅनडा, आणि त्यातली बहुतेक सगळी या एका प्रांतातली. मेमध्ये पेरतात, ऑगस्टमध्ये काढतात, रेल्वेने डोंगर ओलांडून व्हँकूवरच्या बंदराला, तिथून जहाजाने. तुमच्या स्वयंपाकघरात लाल मसूर असेल तर ती आमच्या गावावरून आली असण्याची बरीच शक्यता आहे. उसाला घातलेल्या पोटॅश खताचंही तसंच. ते या शहराच्या भोवती सुमारे किलोमीटरभर खोल खाणींतून निघतं, आणि भारताला बाहेरूनच आणावं लागतं.

माझे वडील लातूरच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी होते. २०११ च्या उन्हाळ्यात इथे आले, तेव्हा मी त्यांना कारखान्यात नेलं. त्यांनी मसुरीच्या ढिगात मनगटापर्यंत हात घातला, मूठ वर काढली, एक दाणा दाताखाली फोडला, ओल बघितली. मग हात झटकून म्हणाले, "एक खडा नाही ह्यात. वेचतंय कोण?" मी यंत्र दाखवलं. कॅमेरा दाण्याचा रंग बघतो आणि नको तो दाणा हवेच्या झोताने उडवतो. ते बराच वेळ बघत उभे राहिले. परतीच्या वाटेवर, दोन्हीकडे क्षितिजापर्यंत पिवळं कनोला (मोहरीच्या जातीचं तेलबी), तेव्हा म्हणाले, "सगळं बेस आहे. पण माणसं कुठं हायत गं?"

या प्रश्नाला माझ्याकडे अजून नीट उत्तर नाही.

२०१७ च्या शेवटी भारताने आधी वाटाण्यावर ५० टक्के आणि मग हरभरा-मसुरीवर ३० टक्के आयात शुल्क लावलं. इथे भाव कोसळले, आमच्या कारखान्यात एक पाळी बंद झाली. त्याच वर्षी लातूरला तुरीचं पीक इतकं आलं होतं की शेतकरी खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून मुक्काम करत होते. भाऊ फोनवर म्हणाला, बरं झालं शुल्क लावलं ते. मी म्हटलं, बरं झालं. फोन ठेवला आणि कामाचे तास कमी झालेल्या बायकांसोबत जाऊन कॉफी प्यायले. दोन्ही खरं होतं.

अंतराची किंमत कुठे मोजावी लागते तेही सांगते. कॅनडाच्या ज्या सरकारी आरोग्यसेवेचं जगभर कौतुक होतं ती याच प्रांतात सुरू झाली, १ जुलै १९६२ ला. त्याच दिवशी डॉक्टर संपावर गेले आणि तो संप २३ दिवस चालला. आज कार्ड दाखवलं की डॉक्टरांना पैसे द्यावे लागत नाहीत, पण डॉक्टर जवळ असेलच असं नाही. आम्ही शहरात, तरी नवऱ्याच्या गुडघ्याच्या एमआरआयला सात महिने थांबलो. उत्तरेकडे ला राँजला राहणारा माणूस साध्या तज्ज्ञाला भेटायला चार तास गाडी चालवून इथे येतो. आणि गाडी नसेल तर? आपल्या एसटीसारखी प्रांताची स्वतःची बस होती, १९४६ पासूनची. तोट्यात म्हणून २०१७ च्या मे महिन्यात बंद केली. पुढच्या वर्षी ग्रेहाउंड ही खासगी बसही पश्चिम कॅनडातून गेली. आमच्या साफसफाईच्या पाळीतली एक म्हातारी बाई दर पंधरवड्याला बसने बहिणीकडे जायची. आता मी किंवा दुसरं कुणी सोडतो तेव्हाच जाते. एसटीला नावं ठेवत मोठी झालेली मी, लाल डबा बंद होण्याचं दुःख इथे येऊन शिकले. म्हणून तुम्हाला पहिला सल्ला: दोघांनीही गाडी शिका. नवऱ्याच्या भरवशावर राहू नका.

एप्रिल २०१८ मध्ये याच प्रांतातल्या हम्बोल्ट गावच्या मुलांची, बर्फावरच्या हॉकीच्या संघाची बस सामन्याला जाताना ट्रकला धडकली. १६ जण गेले. त्या आठवड्यात देशभर लोकांनी घराबाहेर हॉकी स्टिक उभ्या केल्या, दिवा लावून ठेवला. आमच्याकडे स्टिक नव्हती. धाकट्याने क्रिकेटची बॅट ठेवली. ट्रक चालवणारा भारतीय वंशाचा होता हे कळल्यावर कामावर जायची मला धास्ती होती. कुणी काही बोललं नाही. पण मी धास्तावले होते, हे सांगायलाच हवं.

तुमच्या मुलीला शाळेत पहिल्या दिवसापासून 'करार सहा'बद्दल ऐकायला मिळेल. १८७६ चा हा करार ब्रिटिश राजसत्तेचा, क्री आणि इतर मूळ रहिवाशांशी जमिनीबाबत झालेला. सॅस्कटून त्याच भूमीवर आहे, शहराचं नावसुद्धा क्री शब्दातून आलेलं, इथल्या एका जांभळ्या फळावरून (चव करवंद आणि जांभळाच्या मधली कुठलीतरी). मला पहिली दहा वर्षं हे सगळं भाषणाच्या सुरुवातीला म्हणायचं वाक्य वाटायचं. मग कामावरच्या एका क्री मैत्रिणीने सांगितलं की तिची आई गॉर्डनच्या निवासी शाळेत होती, मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून ठेवायचे अशा शाळेत, केस कापून, भाषा बंद करून. ती शाळा १९९६ पर्यंत चालू होती. मी तेव्हा कॉलेजात होते! आणि जून २०२१ मध्ये काउएसेसला, अशाच एका जुन्या निवासी शाळेजवळ, खुणा नसलेल्या ७५१ कबरी असल्याचं जाहीर झालं. शहरात बेघर दिसतील त्यांत मूळ रहिवासी जास्त दिसतील, आणि काही आपलेच लोक तुम्हाला "त्यांच्यापासून जपा" असं सांगतील. त्याआधी एकदा शहराबाहेर वानुस्केविनला, मूळ रहिवाशांच्या वारशाच्या उद्यानात, जाऊन या. २०१९ पासून तिथे बायसन, म्हणजे इथले गवे, परत आलेत.

नणंदबाईंचं "काहीच नाही" अगदीच खोटं नाही. टोरोंटोत मराठी नाटक होतं, इथे आम्हीच आमचं करतो आणि प्रेक्षकही आम्हीच. मी आले तेव्हा ज्वारीचं पीठ कुणी टोरोंटोहून आणलं तर मिळायचं, आता तीन दुकानांत मिळतं. गणपतीत दीडशे माणसं जमतात, विसर्जन बादलीत. त्याबदल्यात कामावरून घरी पोचायला पंधरा मिनिटं, जूनमध्ये रात्री साडेनऊला सूर्यास्त, एप्रिलमध्ये नदीच्या बंधाऱ्यावर उतरणारे पांढरे पेलिकन. आणि डास. ते कुणी सांगितले नसतील. डिसेंबरात सकाळी सव्वानऊला उजाडतं. तुमच्या सासूबाईंना पहिल्या खेपेला जूनमध्येच बोलवा, नाहीतर त्या कायमची धास्ती घेतील.

अजून एक अंतर उरलं. सॅस्कटूनहून भारताला थेट विमान नाही. २०१६ मध्ये वडील गेले तेव्हा मी तीन विमानं बदलून, मग हैदराबादहून गाडीने लातूरला पोचले तर तिसरा दिवस होता. हे टोरोंटोच्या माणसालाही चुकत नाही, पण इथे त्यात एक दिवस वाढतो. पासपोर्ट कायम हाताशी ठेवा, आणि पुढे इथले नागरिक झालात की ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) सुद्धा.

रोजच्या फोनला मात्र आमच्यासारखी सोय दुसरीकडे नाही. इथे कॅनडाच्या बहुतेक भागांसारखं घड्याळ वर्षातून दोनदा पुढेमागे करत नाहीत. त्यामुळे भारत कायम साडेअकरा तास पुढे. अर्धा तास वजा करायचा आणि रात्रीची सकाळ करायची, झालं. माझे रात्रीचे आठ म्हणजे आईचे सकाळचे साडेसात. चहा गाळताना तिचं लक्ष घड्याळाकडे असतं, उन्हाळा असो की हिवाळा.

तिकीट काढलं की तारीख कळवा. फेब्रुवारीत येताय, तर मुलीचे बूट आणि कोट तिकडे घेऊ नका, निरुपयोगी निघतात. आमच्याकडे धाकट्याचे पडलेत, मापाचे असतील. विमानतळापासून आमचं घर वीस मिनिटांवर आहे, इथल्या हिशोबाने शेजारीच. पिठलं-भाकरी खाऊनच पुढे जा.