योगेश्वर कृषीवर नव्याने जाणाऱ्यांसाठी

आपल्या गावाने योगेश्वर कृषी सेंद्रिय पद्धतीने करायचे ठरवले आणि आपण त्यात नाव नोंदवले, हे वाचून आनंद वाटला. रायगड जिल्ह्यातील रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांनी उभ्या केलेल्या स्वाध्याय परिवाराचा हा प्रयोग वरवर साधी सामुदायिक शेती वाटतो. परंतु येथे श्रम ही भक्ती मानली जाते, म्हणून राबणारा मजूर नसून पुजारी असतो, आणि पिकावर कोणाचीही मालकी नसल्यामुळे येणाऱ्या उत्पन्नाला अपौरुषेय लक्ष्मी म्हणतात.

सुरुवातीला एवढे सांभाळा:

१. आपल्या वाट्याचे दिवस वर्षात मोजकेच येतात. ते चुकवू नका आणि पैसे देऊन बदली माणूसही पाठवू नका. बहुतेक नवखे येथेच घसरतात.

२. घरच्या शेतीतील अधिकारवाणी बांधावरच ठेवा. पाच एकरांचा बागायतदार आणि भूमिहीन माणूस येथे एकाच ओळीत खुरपतात, आणि माझ्या मते या शेतीचे खरे पीक तेच आहे.

३. या उत्पन्नातून गरजूंना दिलेली मदत कोणत्या घरी गेली, याची चौकशी करू नका. ती प्रसाद म्हणून, गाजावाजा न करता दिली जाते.

४. उत्साहाच्या भरात कच्चे शेणखत टाकू नका. त्यातून हुमणी (पिकाची मुळे खाणारी अळी) आणि तणांचे बी शेतात येते. पूर्ण कुजलेले, मातीसारखा वास येणारे खतच वापरा.

जीवामृताची (शेण-गोमूत्र आंबवून केलेल्या द्रवखताची) प्रमाणे, पिकांची फेरपालट आणि हिशेबाची पद्धत एक हंगाम झाल्यावर पाहू. तूर्तास जुन्या पुजाऱ्यांसोबत पाळी घ्या आणि विचारायला संकोचू नका.