परभणीत बोअरच्या खारट-जड पाण्यावर जिवंत वनस्पतींची मत्स्यटाकी टिकेल का?

टिकेल, फक्त वनस्पती पाण्याला मानवणारी निवडा. वॅलिसनेरिया, हॉर्नवर्ट, अनुबियास, जावा फर्न जड पाण्यात छान जगतात. नाजूक लाल वनस्पतींचा हट्ट सुरुवातीला नको. तळाला संगमरवरी खडे अजिबात टाकू नका, त्यांनी पाणी आणखी जड होतं.

खरी कसोटी एप्रिल-मेची. पारा ४० च्या वर गेला की टाकीतलं पाणी झपाट्याने उडतं, क्षार मात्र मागेच राहतात. रोज बोअरचंच पाणी ओतत गेलात तर क्षार साठत जातात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओच्या किंवा साठवलेल्या स्वच्छ पावसाच्या पाण्याने करा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, ते बोअरचं चालेल. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, त्यामुळे उन्हाळ्यात झाकण काढून वर छोटा पंखा लावा. दोन-चार अंश सहज उतरतात. एअर पंप रात्री तरी चालू हवाच, कारण अंधारात वनस्पतीही ऑक्सिजनच घेतात.

दिवा ६ ते ८ तास पुरे, जास्त ठेवलात तर शेवाळ. आणि मासे आणायची घाई करू नका. फिल्टर चालू करून, थोडं खाद्य टाकत चार-सहा आठवडे थांबा, अमोनिया आणि नायट्राइट (खाद्य कुजून तयार होणारे, माशांना विषारी पदार्थ) चाचणीत शून्य दिसू द्या.