सदस्यत्व आहे म्हणून बेट वाचेल असं धरून चालू नका

पावसात स्विच (निन्टेंडोचा खेळांचा कन्सोल) चार्ज होईनासा झाला, आता तो वाळपईहून बाहेरगावी दुरुस्तीला पाठवू का, असं तुम्ही विचारलंत. शेवटी लिहिलंत, ‘ऑनलाइन सदस्यत्व आहे, म्हणजे अ‍ॅनिमल क्रॉसिंगचं बेट वर सेव्ह असणारच ना?’ (अ‍ॅनिमल क्रॉसिंग म्हणजे आपलं बेट वसवत जायचा खेळ, आणि ‘वर’ म्हणजे निन्टेंडोच्या सर्व्हरवर.) ते वाक्य वाचून राहवलं नाही. याच समजुतीपायी माझं तीन वर्षांचं बेट गेलं.

चार्जर, केबल, दुसरा प्लग हे सगळं करून झालं असेल असं धरते. चार्जर दोन्हीकडून काढून अर्धा मिनिट ठेवायचा, मग डॉक (टीव्हीला जोडायचा स्टँड) मध्ये न घेता थेट कन्सोलला लावून काही तास तसाच सोडायचा, एवढं राहिलं असेल तर आधी करा. कन्सोल बरेच महिने कपाटात पडून होता का? निन्टेंडोच सांगते की सहा महिन्यांतून एकदा तरी चार्ज करा, नाहीतर बॅटरी पुन्हा चार्ज न होण्याची भीती असते.

आता बेटाचं. बाकीच्या बऱ्याच खेळांची प्रत सदस्यत्व असलं की आपोआप वर जाते. ‘न्यू होरायझन्स’, म्हणजे स्विचवरचा अ‍ॅनिमल क्रॉसिंग, त्यात येत नाही. खेळ मार्च २०२० मध्ये आला तेव्हा बॅकअपची सोयच नव्हती. ती ३० जुलै २०२० च्या अपडेटमध्ये आली, आणि तीसुद्धा आपण चालू केली तरच. सुरुवातीच्या स्क्रीनवर वजाचं बटण दाबलं की टॉम नूक हे खेळातलं पात्र येतं, त्याच्याकडे बेटाच्या बॅकअपचा पर्याय आहे. बेट खेळाच्या कार्डावर नसतं, मेमरी कार्डावरही नसतं. ते कन्सोलच्या आतल्या मेमरीत असतं, एका कन्सोलवर एकच. मला यातलं काही माहीत नव्हतं. सदस्यत्वाचे पैसे दर वर्षी भरत होते, तेवढ्यावर निर्धास्त होते.

माझा धाकटा भाऊ जहाजावर असतो. सुट्टीवर फोंड्याला आला की त्याचा मुक्काम आमच्या बेटावरही असायचा. त्याने समुद्राकडे तोंड करून घर बांधलं होतं, मागे संत्र्याची झाडं लावली होती. परत जायच्या आदल्या रात्री बेटावरच्या विमानतळाच्या स्टँडवरून दोनशे बेल्स (खेळातले पैसे) देऊन तो आईला पत्र टाकायचा. आई खेळायची नाही, पण तिचं पात्र आम्ही केलेलं होतं, आणि तो गेल्यावर ती पत्रं मी तिला वाचून दाखवायचे.

एका चतुर्थीच्या आधी कन्सोल बंद पडला. मी तो एका मोठ्या शहरातल्या दुरुस्तीवाल्याकडे कुरियरने पाठवला. भारतात निन्टेंडोचं अधिकृत दुरुस्ती केंद्र नाही, त्यामुळे जो भेटेल त्याच्यावर भिस्त. फोनवर मी दोनदा सांगितलं, आतलं काही पुसू नका. तो म्हणाला, ‘हो मॅडम.’ तीन आठवडे फोन उचलला नाही. कन्सोल आला तो लख्ख, नव्यासारखा, पहिल्यांदा भाषा निवडायला सांगणारा. विचारलं तर म्हणे, ‘सॉफ्टवेअर अडकलं होतं, क्लीन करून दिलं.’ चार्जिंगचं सॉकेट बदलायचं काम, त्यात रीसेटची गरज काय होती, याचं उत्तर मला आजपर्यंत मिळालेलं नाही. सेव्ह डेटा न पुसता सिस्टीम पूर्ववत करायचा पर्याय कन्सोलच्या मेंटेनन्स मोडमध्येच आहे. ज्याला तेवढं माहीत नाही त्याने लोकांचे कन्सोल उघडू नयेत, हे माझं स्पष्ट मत.

मी तंत्रज्ञ नाही, तुमच्या कन्सोलला काय झालंय ते इथून सांगता येणार नाही. पण तुमच्या जागी असते तर थोडाही चार्ज पकडतोय का ते आधी पाहिलं असतं. दहा मिनिटं जरी चालू झाला तरी खेळायला बसू नका. नूककडून बॅकअप चालू करा आणि खेळ बंद करून वायफायवर ठेवा, कारण प्रत वर जाते ती आपण खेळत नसताना. पुढे दुसऱ्या कन्सोलवर त्याच अकाउंटने, आधीचं बेट नसताना खेळ उघडला की ते परत आणता येतं.

अजिबात चालू होत नसेल तर कुरियरची घाई नको. पणजीत किंवा मडगावात समोर बसवून मोबाइलचं सॉकेट बदलणारा कुणी मिळाला तर मी तोच निवडेन. कुठेही द्या, ‘रीसेट नाही, बोर्ड बदलायचा नाही, आधी फोन’ असं पावतीवर लिहून घ्या. बोर्ड, म्हणजे आतलं मुख्य सर्किट, बदलला तरी बेट गेलंच. तोंडी ‘हो’वर जाऊ नका.

उशीर होतोय म्हणून धास्तावू नका. बेटावर तण माजेल, घरात झुरळं दिसतील, पण या खेळात शेजारी तुम्हाला विचारल्याशिवाय घर सोडून जात नाहीत. खेळात सलगम घेतलेले असतील तर मात्र ते आठवड्यात सडतात, त्यांचा नाद सोडा.

आणि आपल्या हवेसाठी एक. जून ते सप्टेंबर मी कन्सोल सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, पुड्या महिन्याने बदलते. तांदळात पुरू नका, पीठ सॉकेटमध्ये जातं.

तुमचा स्विच ओएलईडी मॉडेलचा आहे की लाइट, आणि चार्जर लावल्यावर स्क्रीनवर बॅटरीचं चिन्ह क्षणभर तरी दिसतं का, ते लिहा.