थेटरांवर लिहायचं म्हणतोस, तर…

प्रिय मित्रा,

पुण्यातल्या सिनेमा थेटरांवरचा तुझा मसुदा वाचला. पहिली चार पानं काढून टाक. बाल्कनीचं तिकीट, मध्यंतरातला वडा, पडद्यावर उधळलेली चिल्लर हे सगळं खरं आहे, पण पुण्यात आठवणी सांगणाऱ्यांचा तुटवडा नाही. थेटर चाललं कसं आणि बंद का पडलं, हे सांगणारे कमी.

सुरुवात जागेपासून कर. मंडईजवळ बापूसाहेब पाठकांनी १९१५ साली 'आर्यन' काढलं. आज तिथे वाहनतळ आहे. 'प्रभात'चं उलट झालं. इंदूरच्या सरदार किब्यांची ती वास्तू १९३४ची, चालवली दामल्यांनी. २०१४ अखेर ती मालकांकडे परत गेली आणि पुढे 'किबे लक्ष्मी' हे नाव पुन्हा पाटीवर आलं. जमीन कोणाची, करार किती वर्षांचा, हे प्रत्येक थेटराबाबत विचार. सिटी सर्व्हेतून मिळकत पत्रिका, म्हणजे जागेच्या मालकीचा उतारा, काढ. कंटाळवाणं काम आहे, मान्य.

मग सिनेमाचं मशीन चालवणारे ऑपरेटर गाठ. कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडणाऱ्या जुन्या मशीनवर काम केलेले आता फार थोडे उरलेत, म्हणून उशीर नको. आवडता सिनेमा कोणता, असलं काही विचारू नकोस. दोन हजार फुटांचं रीळ जेमतेम बावीस मिनिटं चालायचं. कोपऱ्यात ठिपका दिसला की दुसरं मशीन सुरू. एकच प्रिंट दोन थेटरांत चालायची तेव्हा रिळं सायकलवरून पळवायचे. पोरगा वाटेत अडकला तर इकडे खुर्च्या मोडायच्या! हे बोलते कर. आणि कुणाच्या माळ्यावर जुने डीसीआर (डेली कलेक्शन रिपोर्ट) सापडले, तर हातचे सोडू नकोस. 'पंचवीस आठवडे हाउसफुल्ल' म्हणणाऱ्यांचं खरंखोटं रोजच्या गल्ल्याच्या त्या कागदावर कळतं.

कॅम्प, म्हणजे पुण्यातला लष्करी छावणीचा भाग, वेगळा लिही. तिथला प्रेक्षक वेगळा होता, म्हणूनच तर २४ जानेवारी १९४३ला 'कॅपिटॉल'मध्ये गोऱ्या सैनिकांवर बॉम्ब टाकला गेला. तेच पुढचं 'व्हिक्टरी'.

ड्राइव्ह-इनचं, म्हणजे गाडीत बसूनच सिनेमा पाहायच्या उघड्या थेटरांचं, प्रकरण ठेवू का, असं विचारलंस. ठेव, पण छोटं. हॉलिंगशेडने १९३३मध्ये अमेरिकेत कॅम्डनजवळ पहिलं काढलं. गाडीचे २५ सेंट, माणशी २५ सेंट. पुढच्या गाडीचं टप आड येऊ नये म्हणून त्याने जमिनीला उतार दिला आणि त्याचं पेटंटही घेतलं. १९५८च्या सुमारास तिथे अशी चार हजारांवर थेटरं होती. गावाबाहेरची स्वस्त जमीन हेच त्यांचं भांडवल. गाव वाढलं, भाव चढले आणि पडदे उतरले. आपल्याकडे अहमदाबादेत १९७३ साली एक निघालं. वांद्र्याचं बंद पडलं आणि २०२१मध्ये त्याच जागी मॉलच्या गच्चीवर नवं उघडलं. 'आर्यन'नंतर लगेच हे प्रकरण घेतलंस तर जमिनीचा मुद्दा वेगळा समजवावा लागणार नाही.

मिळकत पत्रिका हाती आल्या की ये. चहा घेत एकेक पाहू.

तुझा,
काका