बाथरूमच्या छतावरची बुरशी रंग देऊनही परत का येते?

दोनदा रंग दिला तरी पावसाळ्यात बाथरूमच्या छतावर काळे ठिपके परत येतात, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या डोंबिवलीच्या घरात अगदी हेच व्हायचं. सासूबाईंना दमा आहे, त्यामुळे ते डाग बघून माझा जीव खालीवर व्हायचा. तेव्हा कळकळीने सांगते, तिसऱ्यांदा रंगाऱ्याला बोलावू नका. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा.

छत कोरड्या फडक्याने पुसून घ्या. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लास्टिक आणि स्लॅबच्या मध्ये ओल धरली, तर पाणी वरून झिरपतंय. खालच्या, म्हणजे तुमच्या बाजूलाच थेंब जमले, तर ती आंघोळीची वाफ. डागही बघा. गळतीचा डाग सहसा एका जागी, पिवळसर-तपकिरी कडेचा असतो आणि तिथे रंगाला पोपडे सुटतात. वाफेची बुरशी ठिपक्याठिपक्यांनी पसरते, बहुतेक कोपऱ्यात. गळती निघाली तर वरच्यांशी शांतपणे बोला, त्यांच्या नाहणीचे आणि लाद्यांचे सांधे भरून घ्यायला लागतील. ते होईपर्यंत खालून काहीही करा, उपयोग नाही.

आमच्याकडे वाफच होती. आंघोळी पाच माणसांच्या, खिडकीच्या काचेच्या पट्ट्या कायम बंद, आणि पावसाळ्यात ओले कपडेही तिथेच वाळत.

साफ करताना कोरडं खरवडू नका, बुरशीचे बीजाणू घरभर उडतात. दम्याचं माणूस असेल तर त्याला त्या वेळी घरात ठेवूच नका. दिवा आणि गिझरची बटणं बंद करा, हातमोजे, मास्क आणि डोळ्यांना चष्मा लावा, कारण सगळं तोंडावरच गळतं. आधी साबणाच्या पाण्याने स्पंज फिरवा. मग चार लिटर पाण्यात फार तर एक कप बाटलीतलं ब्लीच (पावडर नव्हे) घालून तेच पाणी स्पंजने लावा. दहा-पंधरा मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा. दार-खिडकी उघडी हवी. आणि हे विसरू नका: ब्लीचमध्ये अ‍ॅसिड, संडास साफ करायचं लिक्विड किंवा व्हिनेगर चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. छोट्या बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

यानंतर आम्ही एक्झॉस्ट पंखा बसवला. शेवटची आंघोळ झाल्यावरही तो अर्धा तास चालू ठेवतो. दाराखाली बोटभर फट ठेवलीय, कारण बाहेरची हवा आत आलीच नाही तर पंखा ओढणार काय? कपडे तिथे वाळत घालणं बंद केलं. शेवटी आंघोळ करणारा काठीला गुंडाळलेल्या कोरड्या फडक्याने छत पुसतो. मुलं सुरुवातीला कुरकुरली, पण सर्वांत जास्त फरक मला या पुसण्यानेच जाणवला.

रंग मात्र आत्ता नको. भर पावसात ओल्या छताला रंग दिला की आतली ओल आतच कोंडते. ऑक्टोबरच्या उन्हात छत खडखडीत वाळू द्या. सुटलेली पुट्टी काढून टाका, तिथे प्लॅस्टर ऑफ पॅरिस अजिबात नको, ते पाणी धरून ठेवतं. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावून वर बुरशीरोधक रंग द्या. स्लॅब उघडा असेल आणि दिसण्याची फार फिकीर नसेल, तर साधा चुनाही चांगला. आमच्या कोकणातल्या घरी न्हाणीघराला दरवर्षी गणपतीआधी चुना काढायचे. ताजा चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशीला सहजी पाय रोवता येत नाहीत. फक्त जुन्या ऑइलपेंटवर तो धरत नाही, आधी तो रंग खरवडून काढावा लागेल.