निळा रंग येत नाही म्हणजे जनुके हरवली असे नव्हे

आपला प्रश्न असा आहे: स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या मातीतल्या, तंतूंनी वाढणाऱ्या जिवाणूच्या एकाच वाणाला एन-ॲसिटिल ग्लुकोसामाईन (पेशीभित्तिकेतली एक शर्करा) दिल्यावर साध्या, किमान पोषणाच्या माध्यमावर वसाहती निळ्या होतात आणि बीजाणू धरतात; समृद्ध माध्यमावर मात्र त्या गुळगुळीत राहतात व रंगही येत नाही. तेव्हा ॲक्टिनोऱ्होडिन हे निळे प्रतिजैविक बनवणारी जनुके गळून पडली असावीत का?

तसे वाटत नाही. या जिवाणूचे गुणसूत्र रेषीय असून त्याच्या टोकांकडचे मोठे तुकडे आपोआप गळतात हे खरे. परंतु ॲक्टिनोऱ्होडिनचा जनुकसमूह मधल्या, स्थिर भागात आहे. शिवाय तोच वाण दुसऱ्या प्लेटवर निळा होतो, म्हणजे जनुके जागेवर आहेत. फरक त्यांना मिळणाऱ्या आदेशात आहे.

हा आदेश कसा पोहोचतो ते पाहू. अन्न संपत आले की जमिनीत रुतलेल्या तंतूंपैकी काही स्वतःला विरघळवतात आणि त्या पोषणावर हवाई तंतू उभे राहतात. पेशीभित्तिका मोडताना एन-ॲसिटिल ग्लुकोसामाईन सुटते, आत घेतले जाते आणि त्यापासून ग्लुकोसामाईन-६-फॉस्फेट तयार होते. एरवी डासआर नावाचे प्रथिन निळ्या रंगद्रव्याच्या मुख्य नियामक जनुकाला दाबून ठेवते. हे फॉस्फेट त्याला चिकटले की त्याची डीएनएवरची पकड सुटते. एन-ॲसिटिल ग्लुकोसामाईन मातीतल्या कायटिनपासूनही (कीटकांच्या कवचातला व बुरशीच्या भित्तिकेतला पदार्थ) मिळत असल्याने भरल्या ताटावर ते 'अजून खायला आहे' असे सांगते आणि उपासमारीत 'आता आवरते घ्या' असे सांगते, असा याचा अर्थ लावला जातो. हा उलटा परिणाम 2008 मध्येच प्रसिद्ध झाला आहे, त्यामुळे आपली निरीक्षणे परस्परविरोधी नाहीत.

मला स्वतःला यातला सर्वांत सुंदर भाग बीएलडी-ए या जनुकाचा वाटतो. ते प्रथिन बनवतच नाही. ल्यूसिन या अमिनो आम्लासाठीचा टीटीए हा तीन अक्षरी संकेत वाचणारा टी-आरएनए (प्रथिन बनताना अमिनो आम्ल आणून देणारा रेणू) तेवढा पुरवते. या जिवाणूच्या डीएनएत सुमारे 72 टक्के अक्षरे जी आणि सी असल्याने टीटीए अत्यंत विरळा, आणि रोजच्या वाढीसाठी लागणाऱ्या जनुकांत तो जवळपास आढळत नाही. तो जिथे सापडतो त्यांत दोन मोक्याच्या जागा आहेत: बीजाणूंच्या वाटेवरचे एडीपी-ए हे नियामक जनुक आणि वर सांगितलेले निळ्या रंगद्रव्याचे नियामक जनुक. म्हणून बीएलडी-ए बिघडले की हवाई तंतू आणि रंग दोन्ही एकदम जातात. 1991 मध्ये त्या नियामक जनुकातला एकच टीटीए बदलून टीटीजी केला गेला, अमिनो आम्ल तेच राहिले, आणि बीएलडी-ए नसलेला वाणही निळा रंग बनवू लागला. विकास आणि प्रतिजैविक यांना जोडणारा हा धागा इतक्या स्वच्छपणे दाखवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

यावर बीएलडी-डी या प्रथिनाचे कुलूप आहेच: वाढीच्या काळात सायक्लिक-डाय-जीएमपी या पेशीतल्या संदेशवाहकाचे चार रेणू या प्रथिनाच्या दोन प्रतींना एकत्र बांधतात आणि ती जोडी बीजाणूंकडे नेणारी अनेक जनुके बंद ठेवते.

आता आपण काय करावे? तोच वाण मॅनिटॉल आणि सोया पिठाच्या आगारवर पेरा. तिथे करडे बीजाणू आणि निळा रंग दोन्ही आले तर वाण धडधाकट आहे. बीजाणू आले पण रंग आला नाही, तर बीएलडी-एवर संशय घ्या, कारण त्याच्या उत्परिवर्तींत मॅनिटॉलवर हवाई तंतू परततात, ॲक्टिनोऱ्होडिन मात्र परतत नाही. माध्यमातले फॉस्फेटही तपासा. ते जास्त असले तर निरोगी वाणातही प्रतिजैविकाचे उत्पादन दबते. आणि दोन माध्यमांची तुलना करताना बीजाणूंची पेरणी सारख्याच दाटीने करा, नाहीतर अन्न संपण्याची वेळच वेगळी पडेल आणि रंगातला फरक कशामुळे आला ते सांगता येणार नाही.