वाचकांचे प्रश्न : भरावाचा पायथा ओला राहतो तेव्हा

प्रश्न : आमच्या गावचा पाझर तलाव १९७२ च्या दुष्काळी कामातून झाला. पूर्वी तो चार-पाच वर्षांतून एखादे वेळी भरायचा. टेंभू उपसा सिंचन योजनेचे पाणी येऊ लागल्यापासून तो उन्हाळ्यातही निम्म्याहून अधिक भरलेला असतो. गेल्या माघापासून भरावाच्या (तलावाच्या मातीच्या बांधाच्या) कोरड्या बाजूला, पायथ्याच्या हातभर वर, बैलगाडीएवढी जागा सतत ओली असून तिथे लव्हाळा उगवला आहे. जुनी मंडळी म्हणतात, पाझर तलाव आहे, तो पाझरणारच. तरुण म्हणतात, भराव फुटेल. बांधावर बाभळी आणि घाणेरीही माजली आहे. आम्ही काय करावे?
— एक वाचक, आटपाडी तालुका, जि. सांगली

उत्तर : जुन्या मंडळींचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पाझर तलावाने तळातून पाझरावे आणि खालच्या विहिरींना पाणी द्यावे, यासाठीच तो बांधलेला असतो; मात्र ते पाणी भरावाच्या पोटातून वाट काढू लागले, तर त्याला पाझर न म्हणता गळती म्हणावे लागते. मातीच्या धरणातून थोडे पाणी झिरपतेच, आणि ते पायथ्याच्या दगडी गाळणीतून निवळ बाहेर पडत असेल तर चिंता नसते. आपल्याकडे मात्र ओल पायथ्याच्या वर दिसते आहे, म्हणजे झिरपणाऱ्या पाण्याने गाळणीची वाट सोडून उतारावर तोंड काढलेले दिसते.

आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य टेंभूच्या पाण्याविषयीचे आहे. जो भराव अनेक वर्षे कोरडा राहिला, त्यातील काळी माती आकसून तिला भेगा पडलेल्या असतात, आणि अशा भरावामागे एकाएकी महिनोन्महिने पाणी उभे राहिले की तो वयाने पन्नास वर्षांचा असला तरी त्याची ती जवळजवळ पहिलीच परीक्षा असते. मातीची धरणे पहिल्या भरणीच्या वेळी अधिक धोक्यात असतात, हे आपल्याकडे १२ जुलै १९६१ रोजी फुटलेल्या, पुण्याजवळच्या पानशेत धरणाने दाखवून दिलेच आहे. तिथे तर काम पुरे होण्याआधीच पाणी भरले होते. तलाव भरून मिळाला म्हणून आनंद मानणे योग्यच, पण पाणी सोडण्याआधी भराव कोणी पाहिला का, हेही गावाने विचारायला हवे होते.

आता प्रत्यक्ष करण्याच्या गोष्टी. ओल्या जागेच्या खाली छोटी चर काढून पाणी एका जागी आणावे (चर भरावात खोल जाऊ देऊ नये), पारदर्शक काचेच्या बाटलीत ते भरावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी गाळ बसला असेल, थर पातळ का असेना, तर पाणी भरावाची माती आतून उचलून नेत आहे, असे धरावे. निवळ पाणी आले तरी थांबू नये. पंधरा लिटरची बादली भरायला किती सेकंद लागतात ते दर आठवड्याला, तलावातील पाण्याची पातळी आणि त्या दिवशीचा पाऊस यांच्यासह वहीत लिहावे. पातळी तीच असताना बादली लवकर भरू लागली, तर भरावात काहीतरी बदलले आहे. एका दिवसाचा आकडा फारसे काही सांगत नाही. आठवड्यागणिक कमी होत जाणारे सेकंद सांगतात.

पाणी गढूळ येऊ लागल्यास अनेक गावांत पहिली धाव माती किंवा सिमेंट टाकून तोंड बुजवण्याकडे असते. ही चूक आहे. पाणी अडते, दाब वाढतो आणि ते दुसरीकडून, बहुधा जास्त जोराने, निघते. त्या जागी आधी जाडसर वाळू, तिच्यावर खडी आणि वर दगड असा थर द्यावा, म्हणजे पाणी जाते पण माती थांबते. हा तात्पुरता उपाय आहे. त्याच वेळी अभियंत्याला बोलवावे आणि खालच्या वस्तीला सावध करावे. पाझर तलावाला सहसा मोरी (भरावाखालून पाणी सोडण्याची वाट) नसते, त्यामुळे पातळी उतरवायची तर मोटारी किंवा सायफन लावावा लागेल, आणि तोही अभियंत्याच्या सल्ल्याने, बेताने. पाणी झपाट्याने उतरवले तर पाण्याकडील उताराची ओली माती घसरू शकते.

बाभळी काढायच्याच, पण नुसते खोड तोडून नव्हे. मुळे आत कुजून पोकळ नळ्या तयार होतात आणि पाण्याला आयती वाट मिळते. लहान झुडपे मुळासकट काढावीत. मोठ्या झाडांची मुळे पाणी उतरल्यावर, जाणकाराच्या देखरेखीखाली खणून, खड्डा त्याच जातीच्या ओलसर मातीने वीतभर थरांत ठोकून भरावा. हरळी मात्र राहू द्यावी, ती माती धरून ठेवते. घाणेरीचा खरा अपाय असा की तिच्याखाली घुशींची बिळे आणि ओल दिसतच नाहीत.

प्रश्न : आमच्या जुन्या तलावातील गाळ शेतात नेण्याची परवानगी मिळाली आहे. भरावालगतचा गाळ सर्वांत काळा आणि सुपीक आहे. तो उचलला तर चालेल का?
— एक वाचक, खटाव तालुका, जि. सातारा

उत्तर : तेवढा सोडून बाकीचा उचलावा. भरावालगत बसलेला चिकण गाळ तळाला नैसर्गिक अस्तर असतो. तो खरवडला की खालचा मुरूम उघडा पडतो आणि पायातून गळती वाढते. भरावापासून किती अंतर सोडायचे, ते परवानगी देणाऱ्या अभियंत्याकडून लेखी घ्यावे आणि तिथे खुंट्या मारून दोरी बांधावी, कारण यंत्रचालकाला तोंडी सांगितलेले संध्याकाळपर्यंत टिकत नाही. भरावातून पाइप टाकण्याची हौसही कोणी करू नये. पाइपाच्या बाहेरून माती सैल राहते.

प्रश्न : तलावाच्या गळतीची तक्रार कुठे करायची?
— एक वाचक, जत तालुका, जि. सांगली

उत्तर : तलावाचे सिंचनक्षेत्र शंभर हेक्टरपर्यंत असेल तर जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे, त्याहून मोठा असल्यास मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह, फोटो आणि वहीतील नोंदी जोडून द्यावा व पोच घ्यावी. धरण सुरक्षा कायदा २०२१ नुसार पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी बंधनकारक आहे, परंतु तो कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरपैकी काही अटींत बसणाऱ्यांनाच लागू होतो. गावोगावचे बहुतेक तलाव या उंचीच्या खालीच, म्हणजे कायद्याबाहेर राहतात, म्हणून पहिल्या उत्तरात सांगितलेली वही तुमच्याकडेच असली पाहिजे.